निकामी हार्ड डिस्कचा स्वतःचा आवाज

प्रश्न : जुन्या संगणकाच्या दोन हार्ड डिस्क आणि एक निकामी प्रिंटर यांपासून मी शाळेच्या प्रदर्शनासाठी ध्वनिशिल्प करत आहे. आत स्पीकर बसवून मोबाइलवरचे संगीत लावून पाहिले, पण तो आवाज शिल्पाचा वाटत नाही. काय करावे?
– एक कलाशिक्षक, मिरज

उत्तर : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. स्पीकर आत लपवला, तर कोणत्याही खोक्यातून तोच आवाज येईल. ध्वनिशिल्पात मात्र आवाज वस्तूच्या अंगातून निघावा लागतो, आणि आपल्याजवळच्या दोन्ही वस्तूंत ती सोय आहे.

हार्ड डिस्कच्या झाकणाचे स्क्रू चांदणीच्या आकाराच्या खाचेचे असतात आणि त्यांतला एखादा बहुधा लेबलखाली दडलेला असतो. तो न काढता झाकण उचकटल्यास ते वाकते. आत आरशासारख्या तबकडीवर फिरणारी एक दांडी दिसेल. तिच्या मागच्या टोकाला तांब्याच्या तारेचे वेटोळे असून ते लोहचुंबकांमध्ये हलते. स्पीकरचे तत्त्वही हेच आहे. चुंबक जागेवरच राहू द्यावेत. ते सुटून एकमेकांवर आदळले तर बोट चांगलेच चिमटते.

आता प्रिंटरमधली स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक छोट्या पायऱ्यांनी फिरणारी मोटर, काढावी. तिच्या कोणत्या दोन तारा एका वेटोळ्याच्या आहेत, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्या एकमेकींना टेकवताच मोटरीचा आस हाताने फिरवायला जड जातो. ती जोडी हार्ड डिस्कच्या वेटोळ्याच्या दोन टोकांना डाग देऊन जोडावी आणि आस फिरवावा. मोटरच वीज निर्माण करते, त्यामुळे बॅटरीही लागत नाही. मोटर एका फेऱ्यात २०० पायऱ्यांची असेल, तर सेकंदाला एक फेरा दिल्यास दांडी ५० वेळा कंप पावते. वेग वाढवला की स्वर चढतो.

हा आवाज सुरुवातीला फार क्षीण असतो. दांडीच्या टोकाला बांबूची काडी चिकटवून तिचे दुसरे टोक पत्र्याच्या डब्यावर टेकवून पाहावे. आपण तर मिरजेचे. तंतुवाद्यांच्या कारागिरांनी बाजूला टाकलेला भोपळ्याचा तुकडा मिळाला, तर त्याहून उत्तम. काडी घट्ट दाबली की नाद मरतो आणि अगदी हलकी टेकवली की झणत्कार येतो. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा झणझणीत नाद, शोधतात, तितक्याच सबुरीने ही जागा शोधावी. शिल्पाचा खरा जीव तिथेच आहे.

वस्तूलाच स्पीकर करण्याची ही कल्पना अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६८ मध्ये ‘रेनफॉरेस्ट’ या रचनेत वापरली होती. पुढच्याच वर्षी त्यांनी अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर (विजेच्या मंडलांतून स्वर निर्माण करणारे वाद्य) बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभी केली, म्हणून आपल्याकडच्या कलाशिक्षकांनी हे नाव आवर्जून लक्षात ठेवावे.

जुना काचेच्या नळीचा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह मात्र मुळीच उघडू नयेत. वीज बंद केल्यावरही त्यांत घातक विद्युतभार टिकून राहू शकतो. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधली तबकडी अनेकदा काचेची असते, म्हणून डोळ्यांना संरक्षक चष्मा लावूनच काम करावे. उरलेले सर्किट बोर्ड आणि तारा जाळू न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच द्याव्यात.

मोटरीला मूठ बसवून ती मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवावी आणि हार्ड डिस्क उघडीच राहू द्यावी, म्हणजे आवाज ऐकतानाच दांडीची थरथरही त्यांना दिसेल.