हवामान बदल हा भारतात फक्त शिकल्यासवरल्यांचा विषय आहे का? सामान्य माणसाला त्याचं काही पडलंय का?

पडलंय, भरपूर पडलंय. माझं गाव लातूर जिल्ह्यात, शेती कोरडवाहू, म्हणून तिथलंच सांगतो.

अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि सी-व्होटर ही जनमत चाचण्या घेणारी संस्था यांनी २०२१-२२ मध्ये देशभर पाहणी केली होती. जागतिक तापमानवाढीबद्दल थोडंसंच माहीत आहे किंवा कधी ऐकलंच नाही, असं ५४ टक्के लोकांनी सांगितलं. पण म्हणजे काय ते थोडक्यात समजावल्यावर ८४ टक्के म्हणाले, हो, हे घडतंय. नाव माहीत नाही, पण झळ माहीत आहे.

आमच्याकडे पारावर कुणालाही विचारा. मृगाचा भरवसा उरला नाही. पेरलं की पाऊस दडी मारतो, दुबार पेरणी करावी लागते. आणि सोयाबीन काढणीला आलं की नेमका धो धो कोसळतो. शेंगा उभ्या झाडावर भिजतात, दाण्याला शेंगेतच कोंब फुटतात. उरलेला दाणा काळपट, कुबट वासाचा. अडत्या तो माल हातात घेऊन बघतो आणि भाव पाडतो. वर्षभराचा खेळ तिथे संपतो.

हा भास नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि मोसमातला एकूण पाऊस मात्र घटला. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये पुराने जमिनी खरडून नेल्या.

देश किती धोक्यात आहे, हे मात्र नुसत्या पावसावर ठरत नाही. एकच पीक, डोक्यावर कर्ज, बुजवलेले ओढे, यामुळे तोच पाऊस एकाला परवडतो आणि दुसऱ्याला झोपवतो.

मला खरी काळजी वेगळीच आहे. लोक याला निसर्गाचा कोप म्हणतात, त्यामुळे मागणीही पंचनामा आणि सरसकट मदत यापुढे जात नाही. मदत हवीच, तो हक्क आहे. पण ती ठरते कशी? महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाची नोंद झाली तर अतिवृष्टी. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, आणि हल्लीचा पाऊस असा की एका शिवारात बांध फुटतात, शेजारच्या शिवारात धूळ उडते. मापकापासून लांबच्या गावाचं नुकसान कागदावर येतच नाही, मग तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत खेटे घाला.

म्हणून प्रत्येक गावात पर्जन्यमापक हवा, त्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लागायला हवेत, आणि बुजलेले ओढे मोकळे व्हायला हवेत. हे ग्रामसभेच्या ठरावात यावं म्हणून आमच्या गावात मी मागे लागलोय. तुमचं गाव असेल तर तुम्हीही लागा.