झेंड्यावरचा कुलचा

प्रश्न असा आहे: निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या पिवळ्या झेंड्यावर मधोमध पांढरा गोल असे, त्याला 'कुलचा' म्हणत. हा नहारीबरोबर, म्हणजे मटणाच्या दाट रश्श्याबरोबर, खातात तोच रोटीसारखा कुलचा, की 'गोल' या अर्थाचा निराळाच शब्द?

तोच, खायचाच. दंतकथा अशी की मीर कमरुद्दीन, म्हणजे पुढे पहिले निजाम झाले ते, सूफी संत हजरत निजामुद्दीन औरंगाबादी यांना भेटायला गेले. संतांनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पुढे केले. पाहुण्यांना भूक सपाटून लागलेली. त्यांनी सात खाल्ले. 'तुझ्या सात पिढ्या राज्य करतील' असा आशीर्वाद मिळाला. फडक्याचा पिवळा रंग झेंड्याला आला आणि कुलचा मध्ये बसला.

आणि पिढ्या खरंच सातच झाल्या! पहिल्या निजामानंतर नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग गादीवर बसले, पण त्यांना आसफजाह या निजामांच्या किताबाच्या क्रमांकात धरत नाहीत. दुसऱ्या आसफजाहापासून सातव्या उस्मान अलीखानापर्यंत दर वेळी बापामागून मुलगा आला आणि 1948 साली राज्य संपलं. हिशेब इतका चोख जुळतो, की कथेवर शेवटचा हात नंतर कुणीतरी फिरवला असावा असा मला दाट संशय आहे. कमर म्हणजे चंद्र, तेव्हा तो गोल कमरुद्दीन या नावातला पौर्णिमेचा चंद्र, असंही एक मत आहे. मला ते जास्त पटतं. पण लोकांच्या तोंडी बसला तो कुलचाच.

शब्द फारसी. इराणात त्याचं भावंड 'कोलुचे' आजही आहे, पण तिथे ते सारण भरलेलं गोड बिस्कीट असतं. शेवटचा '-चा' बगीचा, गालिचा यांतही दिसतो: बाग, तिचा लहान तो बगीचा. मशालची, तबलची यांतला '-ची' मात्र वेगळा. तो तुर्की, आणि ते काम करणारा माणूस दाखवतो.

राहिलं मराठीत चालवणं. काही जण 'कुलचाचा झेंडा', 'कुलचावर' असं लिहितात. आपण गालिच्यावर बसतो, बगीच्यात फिरतो. तसंच 'कुलच्याचा झेंडा', 'कुलच्यावर' असं बिनदिक्कत लिहावं.