मुलांच्या प्रश्नमंजूषेसाठी खेळण्यांबद्दल काय विचारता येईल?

सोसायटीच्या गणपतीत दहा-बारा वर्षांच्या मुलांची प्रश्नमंजूषा घ्यायची आहे, विषय खेळणी, आणि ‘बार्बी कोणत्या साली आली’ छापाचे प्रश्न नकोत, असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे तुमचं. सनावळ्या विचारल्या की आदल्या रात्री पाठ करून आलेला एकटा जिंकतो आणि बाकीची पोरं प्रसादाच्या ताटाकडे बघत बसतात. मी तुमच्या जागी असतो तर एकच धागा धरला असता: खेळणं म्हणून जन्मालाच न आलेली खेळणी. यात गंमत अशी की शोधणारा भलत्याच कामात असतो, आणि ‘अरे, याच्याशी खेळता येईल की’ हे बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाला तरी सुचतं.

सुरुवात प्ले-डोने, म्हणजे मुलं ज्याचे आकार बनवतात त्या मऊ रंगीत लगद्याने करा, कारण ते बहुतेक मुलांनी हाताळलेलं असतं. अमेरिकेत सिनसिनाटीला कुटॉल नावाची कंपनी वॉलपेपर साफ करायचा लगदा बनवायची. तिकडे घर उबदार ठेवायला कोळसा जाळायचे, काजळी भिंतींवर बसायची, आणि कागदी वॉलपेपर पाण्याने पुसायची सोय नाही. मग हा मऊ गोळा भिंतीवरून फिरवायचा, काजळी त्याला चिकटून निघायची. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळसा जाऊन तेल आणि गॅस आला, धुता येणारा व्हिनाइलचा वॉलपेपर आला, आणि या गोळ्याला गिऱ्हाईकच उरेना. कंपनीतल्या जोसेफ ऊर्फ ‘जो’ मॅकव्हिकरच्या नात्यातल्या के झुफॉल या बाई बालवाडी चालवायच्या. मुलांना नाताळच्या सजावटीच्या वस्तू बनवायला स्वस्तातलं काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी हा लगदा वर्गात आणून पाहिला. मुलं त्यावर तुटून पडली. मग साफसफाईचा घटक काढून टाकला, रंग आणि वास घातला, आणि १९५६ मध्ये तोच माल खेळणं म्हणून दुकानात आला. ‘प्ले-डो’ हे नावही झुफॉल नवराबायकोनंच सुचवलेलं.

आत काय असतं? मुख्यतः पाणी, मीठ आणि गव्हाचं पीठ. म्हणजे पोळ्या लाटताना पोराला गप्प बसवायला आई जो कणकेचा गोळा देते, त्याचाच हा सख्खा भाऊ. कणीक दुसऱ्या दिवशी आंबते, हा भरपूर मिठामुळे टिकतो. चाखून पाहिलेलं एखादं तरी पोर समोर असणारच, ‘खारट!’ असं ते ओरडेल आणि उत्तर फुटेल. फुटू द्या.

दुसरी स्लिंकी. जत्रेत सप्तरंगी प्लॅस्टिकची मिळते तीच, जिना उतरणारी स्प्रिंग. १९४३ मध्ये फिलाडेल्फियाच्या गोदीत रिचर्ड जेम्स हा इंजिनिअर, भर समुद्रात जहाज हेलकावत असताना नाजूक उपकरणं स्थिर कशी ठेवायची, यासाठी स्प्रिंगांवर काम करत होता. एक स्प्रिंग फळीवरून खाली पडली आणि धपकन न आदळता पायऱ्या उतरल्यासारखी उतरत गेली. नाव बायकोने, बेटीने, शब्दकोश चाळून काढलं. १९४५ च्या नोव्हेंबरात गिंबल्स या दुकानात उतरती फळी लावून दाखवली, तर नव्वद मिनिटांत सगळ्या ४०० खपल्या. पुढचा भाग मुलांना सांगू नका, पण तुम्ही वाचा: १९६० मध्ये रिचर्ड एका धार्मिक पंथाच्या नादी लागून बोलिव्हियाला निघून गेला. मागे सहा मुलं आणि कर्जात बुडालेली कंपनी. बेटीने कारखाना हॉलिडेजबर्गला हलवला आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तो चालवला. आज स्लिंकी आहे ती या बाईमुळे, आणि तरी प्रश्नमंजूषांमध्ये नाव नवऱ्याचंच विचारतात.

स्लिंकीचा प्रश्न तोंडी विचारू नका, करून दाखवा. खुर्चीवर उभं राहून स्प्रिंगचं वरचं टोक धरा, बाकीची खाली लोंबू द्या. सगळी हलायची थांबली की विचारा, ‘सोडली तर आधी कोणतं टोक पडेल?’ बहुतेक जण ‘खालचं’ म्हणतील. सोडल्यावर खालचं टोक हवेत जागच्या जागी थांबतं, वरचे वेढे मिटत मिटत त्याच्यापर्यंत पोचतात, आणि मगच ते पडतं. खालच्या टोकाचं वजन वरच्या ताणाने तोललेलं असतं, आणि तो ताण सुटल्याची खबर तिथे पोचायला वेळ लागतो. कुणाला तरी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपायला सांगा, नाहीतर मागच्या रांगेला काही दिसणार नाही.

सिली पुटी हा ताणता येणारा मऊ गोळा मुलांना स्लाइममुळे लगेच कळेल. युद्धात रबराचा तुटवडा पडल्यावर कृत्रिम रबर शोधताना जनरल इलेक्ट्रिकच्या जेम्स राइटच्या हाती ही लागली. हळू ओढली तर ताणते, हिसका दिला तर तुटते, गोळी करून आपटली तर उसळते. रबर म्हणून काही उपयोग झाला नाही. पण १९६८ मध्ये अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी ती नेली आणि वजनरहित अवस्थेत अवजारं तरंगू नयेत म्हणून वापरली. एवढा एकच प्रश्न पुरे.

रुबिकच्या क्यूबबद्दल फक्त एवढंच विचारा: तो बनवणाऱ्या एर्नो रुबिकला स्वतःला पहिल्यांदा सोडवायला किती वेळ लागला? साधारण एक महिना. तुमच्या सोसायटीत पंधरा-वीस सेकंदांत सोडवणारं एखादं पोर असेलच, त्याची कॉलर ताठ होईल.

आता पिचकारी. साध्या पिचकारीत दट्ट्या दाबला तरच पाणी उडतं, जोर आपल्या हाताचा. सुपर सोकर नावाच्या पिचकारीत आधी पंप मारून हवा कोंडायची, मग खटका दाबला की ती दाबलेली हवाच पाणी ढकलते. ही कल्पना लॉनी जॉन्सन या अमेरिकी इंजिनिअरची. १९८२ मध्ये तो घरी न्हाणीघरात पाण्यावर चालणाऱ्या उष्णता-पंपाचा प्रयोग करत होता, नोझलमधून धार जोरात पलीकडे गेली, आणि त्याच्या डोक्यात खेळणं शिरलं. बाजारात यायला १९९० उजाडलं. त्या कमाईवर त्याने पुढे स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि परत ऊर्जेच्याच संशोधनाला लागला.

टायब्रेकरला एक देशी प्रश्न ठेवा. तो या धाग्यात बसत नाही, पण ‘आपलं काहीच नाही का?’ असं म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. सावंतवाडीला लाकडी फळांबरोबर गंजिफाचे गोल, हाताने रंगवलेले पत्तेही बनतात. दशावतारी गंजिफाच्या एका संचात पत्ते किती? प्रत्येक अवताराचे बारा, एवढीच खूण द्या. १२० हे उत्तर येईलच, फक्त पहिला हात कोणाचा वर झाला ते बघायला दोघांना बसवा, कारण त्यावरूनच भांडण होतं.