मुलीची बालगृहातली मैत्रीण मला विचारते, 'काकू, मी तुमच्याकडेच राहू का?' तिला काय उत्तर देऊ?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे आणि तिची वर्गातली जिवलग मैत्रीण बालगृहात राहते. स्नेहसंमेलनानंतर त्या मैत्रिणीने तुमचा हात धरून हे विचारलं, तुम्हाला काही बोलता आलं नाही, आणि तेव्हापासून तिच्यासमोर जायचंच तुम्हाला दडपण येतंय.

जायचं थांबवू नका, हे सगळ्यात आधी. मी स्वतः बालगृहात वाढले आहे. असं कुणाला विचारायचं नसतं, हे तिथल्या मुलींना फार लवकर कळतं. तरी तिने विचारलं, म्हणजे तुमच्यावर तिचा केवढा विश्वास असेल! आता तुम्ही दिसेनाशा झालात तर ती दोष स्वतःलाच देईल, आणि तुमच्या मुलीशीही जपून वागायला लागेल. आहे ती मैत्रीणही जायची.

संस्थेतल्या मुलांना मैत्रीची वाण नसते. आम्ही एकमेकींच्या वेण्या घालायचो, एका पांघरुणात दोघी झोपायचो, कुणाला ताप आला तर तिच्या वाटणीचं जेवण झाकून ठेवायचो. त्या मुली आजही माझ्या सख्ख्या बहिणी आहेत, फक्त रेशनकार्डावर नाहीत. पण आमच्यात मोठं कुणीच नव्हतं. सगळ्या एका वयाच्या आणि सगळ्यांचे हात सारखेच रिकामे. अठरा पूर्ण झाली की खोली शोधायची वेळ सगळ्यांवर एकदमच येते, डिपॉझिटचे पैसे कुणाकडेच नसतात. आणि जी मोठी माणसं असतात ती बदलत राहतात. काळजीवाहक ताई नोकरी सोडतात, अधीक्षक मॅडमची बदली होते. कधी कधी आपल्या मैत्रिणीलाच दुसऱ्या संस्थेत पाठवतात आणि सकाळी तिची कॉट रिकामी दिसते.

वाढदिवसाचे केक घेऊन येणारी माणसं खूप असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण आम्ही ओळखतही नसलेल्या बाळासाठी टाळ्या वाजवायचो, फोटो व्हायचा, गाडी निघून जायची. आमच्यातल्या कितीतरी जणींची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून. खरी कुणालाच माहीत नाही. त्यामुळे स्वतःचा वाढदिवस असा काही नव्हताच.

माझ्या बाबतीत एक घर टिकलं. शाळेतल्या मैत्रिणीचं. आधी पाहुणी म्हणून जायचे, तेव्हा मला सगळ्यात मोठी पोळी, तुपाची धार, आणि 'असू दे गं, तू बस' असं चालायचं. ते मला आवडायचं नाही, पण सांगणार कसं? पुढे एकदा आम्ही दोघी गप्पा मारत खरकट्या हातांनी बसलो होतो, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, 'दोघींनी ताटं उचला आणि घासून पालथी घाला, मला सांगायला लावू नका!' दोघींनी म्हणाल्या. मी ताट घासताना रडत होते आणि मैत्रिणीला वाटलं आई रागावली म्हणून. संस्थेतही रागावतात, पण ते पन्नास जणींना मिळून असतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या फडताळातला चिवड्याचा डबा न विचारता उघडायला लागले.

माझ्या लग्नात भटजींनी 'मुलीचे मामा कुठे आहेत?' म्हणून हाक दिली, तेव्हा त्याच मैत्रिणीचे बाबा पुढे झाले आणि मला बोहल्यापर्यंत घेऊन गेले. आधी काही ठरलेलं नव्हतं. संस्थेतल्या माझ्या बहिणी करवल्या होत्या, पण मामा व्हायला पिढीने मोठं माणूसच लागतं. त्या मैत्रिणीला तुमच्याकडून हवंय ते हेच. खेळायला तिला तुमची मुलगी आहे, 'किती उशीर केलास?' असं विचारणारं कुणीतरी तिला हवंय.

जगात यावर विचार झालाय. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, ऑस्ट्रियात हर्मान ग्माइनर यांनी एसओएस बालग्राम सुरू केलं ते याच कल्पनेवर. मोठ्या वसतिगृहाऐवजी वेगवेगळी घरं, प्रत्येक घरात एक आई, आणि सख्खी भावंडं एकाच घरात. आपल्याकडे पुणे, अलिबाग आणि लातूरला अशी बालग्रामं आहेत. लातूरचं तर १९९३ च्या भूकंपानंतरचं. भावंडं न तोडणं ही त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. इतर ठिकाणी बहुतेक मुलगे एका संस्थेत आणि मुली दुसऱ्या, म्हणजे भाऊबीज कुणी भेट घडवून आणली तरच.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगते. तिला 'बघू हं' म्हणू नका, ती त्याचा अर्थ 'हो' असा घेईल आणि दिवस मोजत बसेल. मी तुमच्या जागी असते तर म्हणाले असते, 'हे माझ्या एकटीच्या हातात नाही गं, त्याला मुलांबद्दलचे निर्णय घेणाऱ्या सरकारी बाल कल्याण समितीची परवानगी लागते. पण पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी मी तुला भेटायला येणार.' आणि मग त्या रविवारी जा. पाऊस असला, पाहुणे आले, तरी जा. खाऊ कमी नेलात तरी चालेल.

नंतर अधीक्षकांना भेटून तिची परिस्थिती नीट समजून घ्या. सगळं सांगणार नाहीत, मुलांची माहिती गोपनीय असते, आणि ते बरोबरच आहे. पण बालगृहातल्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात, गरिबीमुळे किंवा आजारपणामुळे मूल तिथे आलेलं असतं. हिची आई कुठे असेल, तर मुलीला घर देण्याचा पहिला मार्ग त्या आईला सावरणं हा आहे. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी महिन्याला २२५० रुपये मिळतात. तो अर्ज भरायला तुम्ही मदत केलीत तरी तुम्ही तिच्यासाठी फार मोठं काम कराल.

खरोखरच कुणी नसेल तर दोन वाटा आहेत. दत्तक सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात ओळखीचं मूल निवडून मागता येत नाही. कारा या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी होते, बाल कल्याण समितीने मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर केलेलं असावं लागतं, आणि एवढ्या मोठ्या मुलाची स्वतःची संमतीही घेतात. दुसरी वाट प्रतिपालकत्वाची, म्हणजे फॉस्टर केअरची. ती सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे आणि तुमच्यासारख्यांना तीच जवळची. मूल तुमच्या घरी राहतं, समितीची देखरेख चालू असते. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मूल दत्तकासाठी मुक्त असेल आणि दोन वर्षं त्याच घरात राहिलं असेल, तर त्या कुटुंबाला दत्तकासाठी अर्जही करता येतो. या वाटेने आपल्याकडे फारच कमी घरं जातात याचं मला वाईट वाटतं, कारण सात-आठ वर्षांवरच्या मुलाला दत्तक घ्यायला सहसा कुणी पुढे येत नाही.

यातलं काहीच जमलं नाही, तरीही जात राहा. अठरानंतर अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या वसतिगृहात, एकवीस वर्षांपर्यंत राहायची सोय असते, ती अनेक मुलींना वेळेवर कळत नाही. अनाथ प्रमाणपत्र काढलं तर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत २०१८ पासून एक टक्का आरक्षण आहे. ते प्रमाणपत्र शक्यतो संस्थेत असतानाच काढायला लावा, बाहेर पडल्यावर कागद गोळा करताना जीव मेटाकुटीला येतो. ही आठवण करून द्यायला घरचं माणूस लागतं.

प्रतिपालकत्वासाठी तुमच्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जा, तिथे जिल्हा बाल संरक्षण कक्षाची चौकशी करा. मिस्टरांना सोबत न्या, कारण पुढे गृहभेटीला सामाजिक कार्यकर्ते येतात तेव्हा घरातल्या सगळ्यांशी बोलतात. तुमच्या मुलीशीही बोलतात. मैत्रीण म्हणून शाळेत डबा वाटून खाणं आणि आपली खोली, आपली आई वाटून घेणं यात फरक आहे, तेव्हा अर्ज देण्याआधी तिला शांतपणे विचारा आणि ती 'नको' म्हणाली तर तिच्यावर रागावू नका.