बद्धकोष्ठता : चमचा किती, पाणी किती

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, मळाचे खडे होणे, कुंथावे लागणे किंवा पोट पूर्ण साफ झाले नाही असे वाटत राहणे, ही लक्षणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली तर तिला जुनाट बद्धकोष्ठता म्हणतात. एक दिवस आड पण विनासायास शौचास होत असेल, तर तो आजार नव्हे.

प्रश्न : माझे वय 52. दोन वर्षे रोज रात्री एक चमचा इसबगोल अर्धा कप कोमट दुधातून घेते. पोट साफ होत नाही, उलट फुगते. मात्रा वाढवू का? (फोंडा)

मात्रा वाढवण्याआधी पाणी वाढवा. इसबगोलाचा भुसा आतड्यात पाणी धरून खळीसारखा फुगतो आणि त्यामुळे मळ मऊ राहतो. धरायला पाणीच मिळाले नाही, तर तोच भुसा घट्ट होऊन बसतो. अर्धा कप दूध त्यासाठी फार अपुरे आहे. दर मात्रेमागे निदान 250 मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर पाणी लागते. भुसा पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि पिऊन लगेच आडवे होऊ नये.

भुसा हलका असल्याने चहाच्या चमच्यात तो दोन-तीन ग्रॅमच मावतो. अभ्यासांत गुण दिसला तो दिवसाला साधारण 10 ग्रॅमने आणि तोही किमान चार आठवडे सलग घेतल्यावर. म्हणून सध्याचा एक चमचा पुरेशा पाण्यासह सकाळी घ्या, आठवड्याने संध्याकाळी दुसरा जोडा आणि पोट फुगत नाही हे पाहूनच पुढे वाढवा. थायरॉईडची गोळी चालू असेल, तर ती आणि इसबगोल यांत काही तासांचे अंतर ठेवा, कारण भुसा औषधाच्या शोषणात अडथळा आणतो.

एक गोष्ट मात्र मला आग्रहाने सांगायची आहे. मळ मऊ असूनही बराच वेळ कुंथावे लागत असेल किंवा बोटाची मदत घ्यावी लागत असेल, तर दोष आहारात नसून कुंथताना सैल पडायला हवेत ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जाण्यात असू शकतो. अशांना अधिक तंतूंनी (फायबरने) त्रासच होतो. त्यांना त्या स्नायूंचे प्रशिक्षण, म्हणजे बायोफीडबॅक, उपयोगी पडते. संकोचापायी ही माहिती डॉक्टरांपासून लपवून वर्षानुवर्षे चूर्णे बदलत राहणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहीत आहे.

प्रश्न : वय 68, निवृत्त शिक्षक. सहा महिन्यांपासून नव्यानेच त्रास सुरू झाला. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेतो. मॅग्नेशियम घ्यावे असे शेजारी सुचवतात. (म्हापसा)

सर, मॅग्नेशियमचा विचार थोडा थांबू द्या. लोह आणि कॅल्शियम कार्बोनेट ही दोन्ही स्वतःच मळ घट्ट करतात. लोह एक दिवस आड घेता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. मॅग्नेशियम ऑक्साइड आतड्यात पाणी ओढते आणि 2023 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांतही त्याला स्थान आहे. पण मूत्रपिंड मंद झालेले असेल, तर ते रक्तात साठून धोका निर्माण करते. आपल्या वयात मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी केल्याशिवाय ते सुरू करू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे उतारवयात नव्याने सुरू झालेली बद्धकोष्ठता नुसत्या पूरकांवर सोपवता येत नाही. लोह कशासाठी सुरू झाले, रक्त कमी आहे का, मळातून रक्त जाते का, वजन घटले आहे का, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का, हे सांगून म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात लवकर तपासून घ्या. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सुचवली गेली, तर टाळू नका.

प्रश्न : कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. रोज रात्री चूर्ण घेतल्याशिवाय होत नाही. आतडी कायमची सुस्त होतील का? (पेडणे)

डब्यावरील घटक वाचा. सोनामुखी किंवा स्वर्णपत्री लिहिले असेल, तर ते आतड्याला चालना देणारे रेचक आहे आणि त्याचा परिणाम सहा ते बारा तासांनी दिसतो. त्याने आतडी कायमची निकामी होतात याला भक्कम पुरावा नाही. पण मात्रा वाढवत नेल्यास जुलाब होऊन शरीरातील पोटॅशियम घटते. हिरडा, बेहडा आणि आवळा यांचे त्रिफळा चूर्ण सौम्य असते, मात्र त्यावरचे मोठे अभ्यास थोडेच आहेत. नित्य औषधच लागणार असेल, तर पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मळात पाणी राखणारे औषध अधिक पारखलेला पर्याय आहे. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

खाल्ल्यावर मोठे आतडे आपसूक हालचाल करते. पाळी कोणतीही असो, उठल्यावरच्या पहिल्या खाण्यानंतर दहा मिनिटे घाई न करता बसा आणि कमोड असेल तर पायांखाली ठेंगणे स्टूल घ्या.

प्रश्न : किवी आणि सुका आलुबुखार परवडत नाहीत. इथले काही चालेल का? (साखळी)

रोज दोन हिरव्या किवींनी गुण येतो हे खरे आहे आणि सुक्या आलुबुखारातील सॉर्बिटॉल मळात पाणी राखते. तरीही आपली गरज गोव्याच्या बाजारात भागते. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू हवेत. वाटीभर उकडलेल्या अळसांद्यांतून (गोव्याच्या चवळीतून) त्यांतले आठ ग्रॅमच्या आसपास मिळतात, तर पांढऱ्या भाताच्या तेवढ्याच वाटीतून जेमतेम एक ग्रॅम. बियांसकट पेरू, पपई, तांबडी भाजी, नाचणीचे तिझान (खीर) आणि कोंडा राखलेला तांबूस उकडा तांदूळ आलटून पालटून ठेवा. चतुर्थीला खतखत्यात पडणाऱ्या भाज्या वर्षभर ताटात आल्या, तर फारच उत्तम. पोय, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव, घेताना कोंडा पिठात मळलेला आहे की वरूनच भुरभुरलेला, हे पोदेराला (पाववाल्याला) विचारा; नुसत्या वरच्या कोंड्याने फारसे काही साधत नाही.