अजिंठ्याची अक्षरं टिकली, वाचणारे संपले होते

अरे, कोड पेनड्राइव्हवर टाकून कपाटात ठेवलास म्हणजे जपला असं नाही. त्यातला विद्युतभार हळूहळू गळतो. माझा २००९चा सगळा कोड हार्ड डिस्कसोबत गेला, लातूरच्या ऐन मे महिन्यात. आणि बॅकअप कुठं, तर त्याच डिस्कच्या दुसऱ्या फोल्डरात! हसू नकोस.

गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, वापरतोस, छान. आता रिपॉझिटरी, म्हणजे त्या कोडचं भांडार, सार्वजनिक कर आणि तिची लिंक सॉफ्टवेअर हेरिटेजच्या ‘सेव्ह कोड नाऊ’मध्ये टाक. फ्रान्सच्या इन्रिया या संगणक-संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये सुरू केलेला हा कोडचा संग्रह आहे, पैसे लागत नाहीत. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटनं तर २ फेब्रुवारी २०२० रोजीच्या सार्वजनिक कोडची प्रत फिल्मच्या १८६ रिळांवर उतरवून उत्तर ध्रुवाजवळच्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरल्या बंद कोळसाखाणीत ठेवलीय, हजार वर्षांच्या हिशोबानं. रिळं कशी वाचायची, हे माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत सोबत दिलंय.

खरी मेख तिथंच आहे बघ. आपल्या अजिंठ्यात ब्राह्मी लेख कोरलेले होतेच, पण शतकानुशतकं ते कुणाला वाचता येईनात. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकानं अशोकाची ब्राह्मी उलगडली ती १८३७च्या सुमारास. म्हणून रीडमी, म्हणजे कोडसोबतची माहितीची फाईल, मन लावून लिही: कुठला कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), कितवी आवृत्ती, कुठली कमांड, हे कशासाठी केलं. परवाना, म्हणजे हा कोड इतरांनी कसा वापरायचा याची लेखी मुभा, विसरू नकोस, नाहीतर पुढचा माणूस हात लावायला कचरेल. आणि मराठी टिपा युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामाईक पद्धतीत. माझ्या जुन्या फॉन्टातल्या टिपा आता मलाच वाचता येत नाहीत.