वाचकांचे प्रश्न : पीझो मायक्रोफोन दमट, धुळकट जागी टिकतो का?

प्रश्न : आमच्या यंत्रमागांच्या कारखान्यात बेअरिंगचा बिघाड आवाजावरून आधीच कळावा म्हणून आम्ही चिपच्या आकाराचे मायक्रोफोन बसवले होते, पण पहिल्याच पावसाळ्यात त्यांतले बरेच मंद पडले. आता पीझोइलेक्ट्रिक जातीचे घ्यावेत, असा सल्ला मिळतो आहे. ते टिकतील का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : सल्ला योग्य आहे, मात्र तो अर्धाच आहे. नेहमीच्या सूक्ष्म मायक्रोफोनमध्ये एक पातळ पडदा आणि त्यालगतची छिद्रे असलेली पट्टी यांच्यामध्ये अवघ्या काही मायक्रोमीटरची फट असते. तिच्यात धूळ अडकली किंवा पाण्याच्या ओढीने पडदा पट्टीला चिकटला, की त्याचे हलणेच थांबते. पीझो प्रकारात ही पट्टी नसते. ॲल्युमिनियम नायट्राइडचा थर असलेल्या पात्या आवाजाने वाकतात आणि त्या वाकण्यातूनच विद्युतभार निर्माण होतो. पीझो सिरॅमिक फार तापले तर त्याचे ध्रुवीकरण, म्हणजे आतल्या विद्युतभारांची एका दिशेने असलेली मांडणी, ओसरते. ॲल्युमिनियम नायट्राइडमध्ये हा दोष नाही.

तरीही मायक्रोफोन म्हणजे नुसती पाती नव्हे. आवाज आत येण्याचे छिद्र कापसाच्या तंतूंनी बुजले, तर वरच्या पट्टीतले, म्हणजे उंच स्वराचे, आवाज आधी क्षीण होतात, आणि बेअरिंगच्या बिघाडाची पहिली चाहूल बहुधा तिथेच लागते. याउलट दमट हवेमुळे जोडण्यांवर ओलाव्याचा थर बसला, तर आधीच अत्यल्प असलेला विद्युतभार गळू लागतो आणि खालच्या पट्टीतले आवाज कमी होतात. म्हणून जुने मायक्रोफोन फेकण्यापूर्वी त्यांतून नेमका कोणता आवाज हरवला आहे, हे जरूर तपासावे; दोष छिद्राचा की ओलाव्याचा, याचा अंदाज त्यावरून येतो.

केवळ माहितीपत्रकावरील ‘आयपी 67’ या अंकांवर मी विसंबणार नाही. त्यांचा अर्थ धुळीला पूर्ण मज्जाव आणि 1 मीटर पाण्यात 30 मिनिटांपर्यंत बचाव, एवढाच आहे. वर्षानुवर्षांचा दमटपणा, तेलाचे तुषार किंवा सततच्या हादऱ्यांनी थकणारे डाख यांविषयी ते काहीच सांगत नाहीत. छिद्रावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा असावा आणि छिद्राचे तोंड खाली असावे. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण माग साफ करताना ही चूक सहज होते : दाबाच्या हवेचा झोत मायक्रोफोनच्या छिद्रावर कधीही मारू नये. तंतू निघतील, पण आतल्या नाजूक पात्या किंवा पडदा तुटू शकतो, मग मायक्रोफोन पीझो असो वा नसो.

नवे मायक्रोफोन बसवल्याच्या दिवशीच, माग बंद असताना, ठरावीक अंतरावरून एकाच छोट्या स्पीकरमधून खालच्या, मधल्या आणि वरच्या पट्टीचे स्वर वाजवून प्रत्येकाची नोंद करून ठेवावी. पावसाळ्यात तीच चाचणी दर महिन्याला घेतली, तर कोणता मायक्रोफोन मंद होतो आहे, हे बेअरिंग बिघडण्याआधीच कळेल.